रेड डॉट साइट : काच नंतर, आधी डोळा आणि स्क्रू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत नेमबाजीच्या साहित्यावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण त्यात पिस्तुलावर बसवायच्या रेड डॉट साइटविषयी, म्हणजे नेम धरताना लाल ठिपका दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाविषयी, दोन गोष्टी आल्या आहेत, त्यांची दुरुस्ती व्हायला हवी. पहिली, या साइटमधून लाल किरण निघून लक्ष्यावर पडतो असं म्हटलं आहे. दुसरी, नव्याने शिकणाऱ्या मुलांना पालकांनी ही साइट घेऊन द्यावी असा सल्ला दिला आहे. पहिली चूक माहितीची आहे. दुसरीमुळे घरोघरी विनाकारण पैसे जातील, म्हणून त्या सल्ल्याबद्दल आधी लिहिते.

मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लग्नानंतर ओहायोत आले आणि इथल्या एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं गुणवत्ता तपासणीचं काम करते आहे. शनिवारी क्लबात पिस्तूल नेमबाजी खेळते. इथे तिला बुल्सआय म्हणतात. एका हातात पिस्तूल धरून 50 यार्डांवर सावकाश नेम आणि 25 यार्डांवर ठरावीक सेकंदांत पाच-पाच गोळ्या, असा हा जुना खेळ आहे. त्याचे मोठे सामने याच राज्यात, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला होतात. या खेळात रेड डॉट चालते आणि निम्म्याहून जास्त लोकांच्या पिस्तुलावर ती दिसते. क्लबातल्या बऱ्याच जणांच्या साइट बसवून द्यायचं काम माझ्याकडे येतं, कारण टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा पाना) आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) माझ्या हातातली रोजची हत्यारं आहेत.

माझ्या बहिणीची मुलगी कोल्हापुरात 25 मीटर पिस्तुलाचा सराव करते. आपला लेख वाचून तिचा लगेच निरोप आला, "मावशी, येताना एक घेऊन ये ना." तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार पिस्तुलाच्या स्पर्धांत फक्त उघडी साइट चालते. मागे खाच, पुढे पट्टी, बस्स. भिंग, आरसा, दुर्बीण, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका, काहीही चालत नाही. 10 मीटर एअर पिस्तूल असो की 25 मीटर, ऑलिंपिक असो की आशियाई स्पर्धा, नियम एकच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, मनू भाकरने 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली, ती सगळी उघड्या साइटवर. आपल्याकडचं मूल ज्या स्पर्धेची स्वप्नं बघतं त्या स्पर्धेत ही साइट लावून उभंच राहू देणार नाहीत. तिच्यावर सराव केला तर खाचेतून पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायची डोळ्याची सवय मोडते. ते पैसे पेलेट्स, रेंजची फी आणि चांगले बूट यांवर घालावेत. संपादक महोदय, ही एक ओळ तरी पुढच्या पुरवणीत ठळक छापा.

आता लाल किरणाविषयी. रेड डॉट साइटच्या तळाशी मागच्या बाजूला एक बारीकसा एलईडी असतो. तो पुढच्या काचेवर उजेड टाकतो. त्या काचेवर असा लेप असतो की तेवढा लाल रंग परत फिरतो आणि बाकीचा उजेड आरपार जातो. काचेची वक्रता मोजून ठेवलेली असते, त्यामुळे परतणारे किरण समांतर होऊन नेमबाजाच्या डोळ्यात शिरतात आणि ठिपका दूर लक्ष्यावरच आहे असा भास होतो. समोरच्या पुठ्ठ्यावर काहीही पडत नाही, आणि शेजारच्या लेनवरच्या माणसाला तो ठिपका दिसत नाही. लेझर साइट ही वेगळी वस्तू आहे. ती खरोखर उजेड फेकते.

ही कल्पनाही आजची नाही. 1900 साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी तिचं पेटंट घेतलं. ते मुळात दुर्बिणी बनवणारे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी नायगमवाला यांनी 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची मोठी दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यातून आली होती. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणेकर वाचकांना हा धागा आवडेल म्हणून लिहिलं. पुढे लढाऊ विमानांच्या तोफांवर ही पद्धत आली, 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने बॅटरीवर चालणारी साइट बाजारात आणली, आणि पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे गोळीगणिक मागे-पुढे होणाऱ्या वरच्या भागावर, मावेल एवढी लहान पण दणके सोसणारी साइट रुळली ती 2009 च्या ट्रिजिकॉन आरएमआरनंतर. 2015 मध्ये पिस्तुलं बनवणाऱ्या ग्लॉक कंपनीने साइटसाठी कापलेली स्लाइड कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून इथे दुकानादुकानांत ती दिसू लागली.

मग ती वापरावी कुणी? माझं स्पष्ट मत आहे की चाळिशी लागलेल्या नेमबाजाला तिचा खरा उपयोग आहे. उघड्या साइटला मागची खाच, पुढची पट्टी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी डोळ्याला सांभाळाव्या लागतात, आणि नजर पुढच्या पट्टीवर रोखावी लागते. वाचायला चष्मा लागला की ती पट्टीच धूसर होते. रेड डॉटमध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त लक्ष्याकडे बघायचं, ठिपका आपोआप तिथे येतो. माझ्या क्लबात सत्तरी ओलांडलेले दोघे-तिघे केवळ या साइटमुळे आजही सामने खेळतात. त्यांना पुन्हा फायरिंग लाइनवर उभं राहिलेलं बघते तेव्हा या छोट्या डबीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

निवडताना लोक आधी कंपनी विचारतात. मी आधी चष्म्याचा नंबर विचारते. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना ठिपका गोल दिसत नाही. स्वल्पविरामासारखा, फुटलेला, कधी शेपूट असलेला दिसतो. मग ते साइट खराब म्हणून परत करतात, दुसरी आणतात, तीही तशीच. याची परीक्षा दुकानातच होते. मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका स्वच्छ गोल आला तर साइट चांगली आहे, दोष डोळ्याचा आहे. चष्मा घालून बघा, उजेड कमी करून बघा, काही जणांना हिरवा ठिपका जास्त नेटका दिसतो तोही बघा. दुकानदार ठिपका पूर्ण उजळ करून दाखवतात. तसा तो सगळ्यांनाच पसरलेला दिसतो.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. 1 एमओए म्हणजे 100 यार्डांवर साधारण 2.66 सेंटिमीटर. आमच्या 50 यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ साधारण साडेआठ सेंटिमीटरचं असतं. 3 एमओएचा ठिपका तिथे चार सेंटिमीटर जागा व्यापतो, म्हणजे आजूबाजूला काळं दिसत राहतं. 6 एमओएचा ठिपका दहाचं वर्तुळ जवळजवळ झाकून टाकतो. जवळच्या, वेगाच्या खेळाला मोठा ठिपका बरा, कारण तो पटकन सापडतो. अचूकतेच्या खेळाला लहान घ्यावा, पण फार लहान नको. 1 एमओएचा ठिपका एका हातात धरलेल्या पिस्तुलावर इतका थरथरताना दिसतो की नवखा माणूस घाबरून ट्रिगर हिसकतो.

दुसरा प्रश्न रेड डॉट उघडी घ्यावी की बंद हा. (खाच-पट्टीची उघडी साइट वेगळी.) उघड्या प्रकारात एलईडी आणि काच यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे पावसाचा थेंब, कापसाचा धागा किंवा जळलेल्या पावडरची काजळी बसली की ठिपका फुटतो किंवा गायब होतो. एमपॉइंट ॲक्रो किंवा होलोसन ईपीएस यांसारख्या बंद साइटला पुढे-मागे दोन्हीकडे काच असते, आत काही जात नाही. त्या जरा जड आणि महाग असतात. छपराखालच्या रेंजवर खेळणाऱ्याला उघडी पुरते, आणि बंद साइटसाठी जास्त पैसे मोजा असं मी कुणाला सांगत नाही. मात्र बॅटरीची जागा जरूर बघावी. मूळ आरएमआरमध्ये बॅटरी तळाला आहे, ती बदलायची म्हणजे साइट उपटायची आणि पुन्हा बसवून पुन्हा झिरो करायचं, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवायची. वरून किंवा बाजूने बॅटरी जाणारी साइट घ्या.

आता बसवण्याविषयी, ज्याबद्दल आपल्या लेखात "दोन स्क्रू लावले की झालं" एवढंच आहे. महागातली महाग साइट या दोन स्क्रूंवरच उभी असते. .22 च्या रुगर मार्क फोरसारख्या पिस्तुलात वरचा रिसीव्हर जागचा हलत नाही, आतला बोल्ट तेवढा मागे-पुढे होतो, त्यामुळे त्यावरच्या रेलवरची, म्हणजे खाचांच्या पट्टीवरची, साइट सुखात असते. तिथे एवढंच करायचं की आडवा स्क्रू आवळण्याआधी माउंट खाचेत नळीच्या तोंडाकडे दाबून धरायचं, म्हणजे गोळी सुटल्यावर सरकायला जागाच उरत नाही. स्लाइडच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. प्रत्येक गोळीला स्लाइड झटक्यात मागे जाते, आपटून थांबते आणि तेवढ्याच जोरात पुढे येते. साइट तिच्या पाठीवर बसलेली असते.

स्लाइडवर साइट दोन पद्धतींनी बसते. एक, त्याच साइटच्या मापाने स्लाइड कापून घेणं. दुसरी, कारखान्याच्या कापावर मधे ॲडॉप्टर प्लेट घालणं. प्रत्येक कंपनीच्या साइटच्या तळाचं माप वेगळं असतं. भोकांमधलं अंतर, पुढे अडवणारे उंचवटे, सगळं वेगळं. म्हणून साइट घेण्याआधी आपल्या स्लाइडला कुठलं माप बसतं ते बघायचं. प्लेटची सोय चांगली, पण तिने एकाऐवजी दोन सांधे तयार होतात, स्लाइड आणि प्लेट, प्लेट आणि साइट. आमच्या धंद्यात जितके सांधे तितक्या तपासण्या.

क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मागच्या हिवाळ्यात एका दुकानातून साइट बसवून आणली. गोळ्यांचा घोळका दर आठवड्याला वेगळीकडे सरकायचा. त्यांनी काडतुसं बदलली, ग्रिप बदलली, शेवटी साइटच परत करायला निघाले. मी म्हटलं, आधी उघडून बघू. साइट काढली तर प्लेटच्या एका कोपऱ्यावर घासून घासून नखाएवढा चमकदार डाग पडलेला. प्लेट स्लाइडवर नुसती ठेवली आणि फीलर गेजचं सर्वांत पातळ पान कडेने फिरवलं. तीन बाजूंना अडलं, चौथ्या कोपऱ्यात सरळ आत गेलं. स्क्रूच्या भोकाच्या काठावर केसाएवढा बर, म्हणजे धातूचा कंगोरा, राहिला होता आणि प्लेट त्याच्यावर डुगडुगत होती. स्क्रू घट्टच होते. पण ते प्लेटला वाकवून घट्ट होते. ऑइल स्टोनवर चार हात फिरवले, बर गेला, प्लेट चारही कोपऱ्यांनी बसली. साइट तीच, काडतुसं तीच, घोळका परत जागेवर.

तेव्हा क्रम असा ठेवावा. मॅगझीन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच स्लाइड उतरवा. कारखान्याचं तेल आट्यांत असतंच. ते आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून घ्या, नाहीतर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, धरत नाही. स्क्रूशिवाय साइट ठेवून हलते का ते बोटाने दाबून बघा. मग स्क्रूची लांबी. आखूड असेल तर दोन आट्यांवर लटकतो. लांब असेल तर त्याहून वाईट. ग्लॉकच्या स्लाइडमध्ये उजव्या स्क्रूच्या भोकाखालून एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामं काडतूस खेचून काढणाऱ्या आकड्याच्या, प्लंजरचा (दांडीचा) मार्ग जातो. स्क्रू थोडासा लांब निघाला तरी त्याचं टोक प्लंजरवर टेकतं, रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही आणि माणूस मॅगझीनला दोष देत बसतो. स्क्रू आवळल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून मोकळा हलतो की नाही हे बघायलाच हवं.

थ्रेडलॉकर निळा, तोही स्क्रूच्या आट्यांवर एक छोटा थेंब. भोकात ओतायचा नाही. लाल कधीच नको, कारण तो सोडवायला स्क्रू तापवावा लागतो आणि त्या आंचेत साइटमधलं इलेक्ट्रॉनिक्स जाईल. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. टॉर्क कंपनीच्या पत्रकात दिलेला असतो. आरएमआरसाठी तो 12 इंच-पौंड आहे, म्हणजे साधारण 1.36 न्यूटन-मीटर. हा आकडा किती लहान आहे ते ॲलन की हातात धरल्याशिवाय कळत नाही. ताकदवान माणूस नुसत्या मनगटाने याच्या दुप्पट सहज जातो आणि स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. टॉर्क रेंच नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. मग चोवीस तास पिस्तुलाला हात लावू नका. शेवटी पेंट मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर एक बारीक रेघ ओढा. स्क्रू कणभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सामन्याआधी मी ठिपका नंतर बघते, रेघ आधी.

झिरो करताना घाई नको. आधी 10 यार्डांवर पुठ्ठ्याच्या मध्यावर आणा, मग 25 वर पक्कं करा. बहुतेक साइटवर एक क्लिक म्हणजे 1 एमओए, 25 यार्डांवर साधारण साडेसहा मिलिमीटर. एकेका गोळीवर क्लिक फिरवू नका. पाच गोळ्यांचा घोळका बघून त्याचा मध्य धरा. ठिपका नळीच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर असतो, म्हणून अगदी जवळच्या अंतरावर गोळी तेवढी खाली लागणार. तो साइटचा दोष नाही.

"ठिपका ठेवला की गोळी तिथेच लागते" हे लेखातलं वाक्य नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान करील. ठिपका तुमच्या हाताची थरथर लपवत नाही, उलट मोठी करून दाखवतो. ती थरथर दहाच्या वर्तुळात फिरू द्यायची आणि ट्रिगर सरळ मागे, न थांबता दाबत न्यायचा, एवढंच कौशल्य आहे आणि ते उघड्या साइटवरही हेच आहे. ठिपका मध्यावर आला रे आला की बोट हिसकणारे नेमबाज मी दर शनिवारी बघते. त्यांच्या गोळ्या खाली एका बाजूला जातात आणि ते साइटचे क्लिक फिरवत राहतात. अशांना मी काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावायला सांगते. दोन्ही डोळे उघडे असले तर एका डोळ्याला ठिपका आणि दुसऱ्याला लक्ष्य दिसून मेंदू दोन्ही जुळवतो. ठिपक्याकडेच टक लावून बघणाऱ्याला मात्र नुसती चिकटपट्टी दिसते, आणि आपण कुठे बघतो आहोत हे त्याचं त्याला कळतं.

आणखी एक. लेख वाचून माझ्या भाचीसारखेच इतरही काही जण अमेरिकेतल्या नातेवाइकांना ही साइट सामानातून आणायला सांगतील. दिसायला ती काडेपेटीएवढी असली तरी अमेरिकेच्या निर्यात नियमांत बंदुकीच्या साइट, रेड डॉटसकट, नियंत्रित वस्तूंच्या यादीत आहेत, आणि त्या देशाबाहेर नेण्यासाठी परवान्याचा प्रश्न येतो. भारतात उतरल्यावर कस्टम्सचे आणि शस्त्र कायद्याचे प्रश्न वेगळे. इथे नोकरी करणाऱ्या, व्हिसावर राहणाऱ्या मुलांना या भानगडीत कुणी पाडू नये. ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि ज्यांच्या खेळाच्या प्रकारात ही साइट चालते त्यांनी आपल्या रायफल असोसिएशनकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर हातात आल्यावरच पैसे मोजावेत.

आपली,
एक वाचक
डेटन, ओहायो (मूळ इचलकरंजी)